तुम्ही विचारलंत म्हणून: सोळा बारचा हिशेब

"तुम्ही मराठीच्या शिक्षिका, मग वर्गात रॅप कसे चालू देता? त्याने मुले बिघडत नाहीत का?" कुर्ल्यातल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला दर पालकसभेत ऐकावा लागतो. मागच्या वर्षी एका वडिलांनी घाबऱ्या आवाजात सांगितले, की मुलगा रोज रात्री सोळा बारचा हिशेब मांडत बसतो. सोळा बार म्हणजे तालाची सोळा आवर्तने, रॅपच्या एका कडव्याचे नेहमीचे माप, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला; प्रश्न मात्र तसाच राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शिकवायला लागले तेव्हा मुले पत्ता सांगताना वस्तीचे नाव टाळत असत. कुणी "सायनच्या पुढे" म्हणे, कुणी "चेंबूरजवळ". 2014 साली नेझी या कुर्ल्याच्याच रॅपर मुलाने आयपॅडवर गाणे रेकॉर्ड करून आणि त्यावरच चित्रित करून यूट्यूबवर टाकले. पुढच्या वर्षी अंधेरीच्या डिव्हाइन या रॅपरबरोबरचे त्याचे गाणे आले, आणि 2019 मध्ये या दोघांवरून सुचलेला 'गली बॉय' हा चित्रपट पडद्यावर आला. या गाण्यांत गल्लीचा पत्ता अभिमानाने घेतलेला असे, नेझी तर स्वतःच्या भागाला 'बॉम्बे 70' म्हणतो; 70 म्हणजे तिथल्या पिन कोडचे शेवटचे दोन आकडे. बघता बघता माझ्या वर्गातल्या मुलांच्या मनगटांवर बॉलपेनने 70 उमटू लागले, धारावीहून येणाऱ्याच्या वहीवर 17 आणि गोवंडीच्या मुलाच्या दप्तरावर 43. पिन कोड आपल्या टपालखात्याने 1972 च्या ऑगस्टमध्ये सुरू केला आणि त्यानंतर वर्षभराने, 11 ऑगस्ट 1973 रोजी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कची ती पार्टी झाली जिथून हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातले त्या प्रकाराचा, जन्म मोजतात. या दोहोंची गाठ कुर्ल्यात पडेल, असे टपालखात्याला कशाला वाटले असेल! ज्या आकड्यांवरून नोकरीचे अर्ज बाजूला पडतात अशी या मुलांची समजूत होती, तेच आकडे ती मिरवू लागली. रॅपने तरुणांवर काय परिणाम केला असे विचाराल, तर माझ्या लेखी सगळ्यात मोठा परिणाम हा आहे.

दुसरा परिणाम माझ्या विषयातला. भुजंगप्रयात हे वृत्त शिकवताना मी नेहमीप्रमाणे मनाचे श्लोक घेतले होते आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बोटांनी बाक वाजवत होता. मी रागावणार तोच तो म्हणाला, "मॅडम, हे बीटवर बसत नाही, दर ठोक्याला एक मात्रा उरते." त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण भुजंगप्रयाताचा प्रत्येक गण पाच मात्रांचा असतो आणि त्याच्या मोबाइलमधल्या ट्रॅकवर एका ठोक्यात चारच मात्रा मावत होत्या. तास संपेपर्यंत तो कागदावर रेघा मारत राहिला आणि जाताना सांगून गेला, की ओळ ठोक्यावर तोडलीच नाही, मात्रा तशाच पुढे वाहू दिल्या, तर चार चरणांच्या ऐंशी मात्रांत, चार ठोक्यांचा एक बार धरून, बरोबर पाच बार भरतात आणि श्लोक संपला की आपण पुन्हा समेवर येतो. इतकी वर्षे मी लघु-गुरूंची लगावली फळ्यावर लिहिते आहे. हा हिशेब माझ्या कधी ध्यानात आला नव्हता.

रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असे सभासंमेलनांत हल्ली हमखास म्हटले जाते. मला ते फारसे पटत नाही. धारावीला लागूनच असलेल्या माटुंगा लेबर कॅम्पात अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी गाजली, हे खरे. पण पोवाडा दुसऱ्याचा पराक्रम गातो आणि रॅपची सुरुवातच 'मी' पासून होते. नाते शोधायचेच असेल, तर ते शाहिरांच्या दोन पक्षांत रंगणाऱ्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात शोधावे. तिथेही समोरच्याला सभेत निरुत्तर करण्यासाठी जागच्या जागी ओळ जुळवावी लागते.

आता बिघडण्याविषयी. शिव्या असतात, आणि त्यातल्या बहुतेक आई-बहिणींवरून असतात. त्या वर्गात चालणार नाहीत, एवढा एकच नियम मी केला आहे. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला तेव्हा जाड साखळ्यांची आणि हप्त्यांवर घेतलेल्या बुटांची लाट आली, त्या हप्त्यांपायी एका मुलाची परीक्षेची फी थकली. मुलींचे दुखणे आणखी वेगळे आहे. मुलांचा घोळका मैदानाच्या कोपऱ्यात रात्री दहापर्यंत रॅप करत उभा राहतो, तिथे मुलगी उभी राहू शकत नाही. माझी एक विद्यार्थिनी त्यांच्यापेक्षा सरस लिहिते, पण भावाला कळू नये म्हणून दुसऱ्याच नावाने, आणि घरातले सगळे झोपल्यावर पांघरुणात तोंड घालून रेकॉर्ड करते. मुले रॅपने बिघडतात की नाही, हे विचारणाऱ्या पालकांपैकी तिच्याविषयी मला अजून कुणी विचारलेले नाही.

बाक वाजवणारा तो मुलगा आता घरपोच सामान पोहोचवण्याचे काम करतो आणि अजून लिहितो. परवा रात्री साडेअकराला त्याचा निरोप आला, "मॅडम, 'उधारी'च्या पाच मात्रा होतात, मला तीनच हव्यात." मी लगेच 'कर्ज' असे कळवले. थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले, "कर्ज बँकेचे असते मॅडम, आमच्याकडे उधारीच असते." शेवटी त्याने शब्द तोच ठेवला आणि सगळी ओळच बदलली.