टिपणीतून गळलेला ‘अर्ध’

पॉइंट टू-टू बोअरचे, म्हणजे .22 इंच नळीचे, पिस्तूल निवडायला मला चार महिने लागले आणि ते घेण्याचा परवाना मिळायला आठ. निवडीचे चार महिने आनंदाचे होते. परवान्याच्या आठ महिन्यांपैकी बहुतेक काळ एका शब्दापायी गेला, आणि तो शब्द माझ्या अर्जात नव्हताच. त्याची चीड अजून पुरती शमलेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. सांगली, सातारा भागातून हवेच्या पिस्तुलावरून 25 मीटरच्या प्रकाराकडे वळू पाहणाऱ्या एखाद्या मुलीचे तेवढे महिने वाचले तरी लिहिल्याचे चीज होईल.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. नऊ वर्षे मी 10 मीटर एअर पिस्तूल हा एकच प्रकार खेळत होते. 4.5 मिलिमीटर छऱ्याच्या त्या पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, त्यामुळे शासकीय कार्यालयाशी माझा संबंध असा कधी आलाच नव्हता. 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूल मात्र खऱ्या काडतुसाचे असते. त्यात पहिल्या 30 गोळ्या सावकाश, पाच मिनिटांत पाच अशा मारायच्या असतात आणि पुढच्या 30 गोळ्यांसाठी लक्ष्य फक्त तीन सेकंद समोर येते, सात सेकंद वळते आणि पुन्हा येते. दर वेळी हात 45 अंशांत खाली ठेवून सुरुवात करायची, लक्ष्य फिरताच हात वर नेऊन एकच गोळी मारायची. गोळी सुटल्यावर पिस्तुलाने पुंगळी स्वतःच बाहेर फेकून पुढचे काडतूस नळीत चढवले, तर नेमबाजाची मूठ जागची हलत नाही. अर्धस्वयंचलित पिस्तूल लागते ते यासाठी. ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते, दुसरीसाठी बोट सोडून पुन्हा दाबावे लागते. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्यावरच सगळे अडले.

माझी मर्यादा अडीच लाख रुपयांची होती. त्यात अगदी नवे, वरच्या श्रेणीचे पिस्तूल बसत नव्हते आणि फार स्वस्तातले घेऊन दोन वर्षांत बदलायचे नव्हते. बालेवाडीच्या रेंजवर, परवानाधारक नेमबाजांच्या देखरेखीखाली, मला तीन पिस्तुले हाताळायला मिळाली: हॅमरली एक्स-एस्से, जुने वॉल्थर जीएसपी आणि पार्डिनी एसपी. एक्स-एस्सेचे मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा कप्पा, मुठीत असते. इतर दोघांचे ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे मुठीला हवा तसा आकार देता येतो आणि नळी हाताच्या जवळ खाली राहते. गोळी सुटताना मनगटाला बसणारा हिसका त्यामुळे कमी जाणवतो. सांगलीहून बालेवाडी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, म्हणून मी शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी रेंजवर पोहोचत असे आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात हजर असे.

निवडीची माझी कसोटी आमच्या प्रशिक्षक सरांनी शिकवलेली होती. पिस्तूल हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, हात नेहमीच्या उंचीला न्यायचा, दोन श्वास थांबायचे आणि मग डोळे उघडायचे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेत आपोआप मधोमध आली असेल तर मूठ आपल्या हाताची आहे. डावीकडे किंवा उजवीकडे कललेली असेल तर मनगट दर वेळी तिला ओढून मध्यावर आणणार आणि तीन सेकंदांत तेवढी उसंत मिळत नाही. जीएसपी हातात घेतल्यावर माशी दर वेळी खाचेच्या उजव्या कडेला टेकलेली दिसायची. माझा तळवा लहान आहे आणि ती मूठ मोठ्या हाताची होती. तेच पार्डिनीवर वीस वेळा केले, त्यांपैकी सतरा वेळा माशीच्या दोन्ही बाजूंना सारखी पांढरी फट दिसली. मी वहीत आकडे लिहीत होते, म्हणून सतरा हा आकडा नक्की सांगू शकते. किंमत, वजन, रंगरूप यांची चर्चा या चाचणीनंतर करावी, आधी नाही.

आता अर्जाकडे येते. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत, वैद्यकीय दाखला, शस्त्र चालवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरी सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि नेमबाजी संघटनेतर्फे सरांनी दिलेले शिफारसपत्र असा संच मी नोव्हेंबर 2023 मध्ये दाखल केला. पोलिसांकडील चौकशी तीन आठवड्यांत पूर्ण झाली. घरी आलेल्या हवालदारांनी लोखंडी कपाट भिंतीत बसवलेले आहे ना एवढे स्वतः हाताने ओढून पाहिले आणि अहवाल पाठवला. त्यानंतर संच ज्या मधल्या एका कार्यालयात गेला, तिथे तो थांबला.

जानेवारीत मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा “नस्ती वर गेली आहे” असे उत्तर मिळाले; नस्ती म्हणजे फाइल. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा “साहेबांनी चर्चा करा असा शेरा मारलाय.” कशावर चर्चा, कोणाशी, हे सांगायला कोणी तयार नव्हते. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, “मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला असले हत्यार कशाला पाहिजे?” मी स्पर्धेची प्रमाणपत्रे पुढे केली. ती त्यांनी बाजूला सरकवली आणि म्हणाले, “हे हत्यार आमच्या अधिकारात येत नाही. त्याला दिल्लीची परवानगी लागते.” यापुढे एक शब्दही त्यांनी सांगितला नाही. मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. नऊ वर्षांत स्पर्धेत कितीतरी वेळा हरले असेन, पण त्या दुपारइतकी हतबल मी कधीच झाले नव्हते, कारण आपली चूक कुठे आहे हेच मला कळत नव्हते.

दिल्लीची परवानगी लागते ती प्रतिबंधित शस्त्राला, आणि पॉइंट टू-टू हा बोअर प्रतिबंधित नाही. नऊ मिलिमीटर आणि पॉइंट थ्री-नॉट-थ्री हे प्रतिबंधित बोअर आहेत, पॉइंट टू-टू नव्हे. मग दिल्ली मध्येच कुठून आली हे शोधण्यासाठी मी फेब्रुवारीत माहितीच्या अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, आणि त्यात “नस्तीतील टिपणीसह सर्व कागदांचे अवलोकन” एवढीच मागणी केली; टिपणी म्हणजे कार्यालयाने प्रकरणाबद्दल नस्तीत लिहिलेला मजकूर. आधी मी “अर्जाची सद्यःस्थिती कळवावी” असे लिहिणार होते. एका निवृत्त अव्वल कारकून काकांनी मला थांबवले. “अगं, सद्यःस्थिती विचारलीस तर ‘कार्यवाही सुरू आहे’ असं एका ओळीचं उत्तर येईल. टिपणी बघायला माग. सगळं टिपणीत असतं.” या सल्ल्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी राहीन.

तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस असताना मला बोलावणे आले. नस्ती समोर ठेवली गेली. उजवीकडे माझा पत्रव्यवहार, डावीकडे हिरवट टिपणी-पाने, निळ्या शाईतले बसके अक्षर. माझ्या विनंतिपत्रात, सरांच्या शिफारशीत आणि पोलीस अहवालात, तिन्ही ठिकाणी “अर्धस्वयंचलित” असेच होते. टिपणीच्या दुसऱ्या परिच्छेदात मात्र “अर्जदार यांनी .22 बोअरचे स्वयंचलित पिस्तूल खरेदी करणेकामी परवान्याची मागणी केली आहे” असे लिहिलेले होते. पुढच्या पानावर त्याच शब्दावरून निष्कर्ष काढला होता की स्वयंचलित शस्त्र प्रतिबंधित असल्याने प्रकरण केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे. त्याखाली तीन सह्या होत्या. मूळ अर्ज उलटून पाहिल्याची खूण एकाही सहीजवळ नव्हती. माझे बोट त्या शब्दावर टेकलेले होते आणि मला ते उचलवत नव्हते.

स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित यांतला फरक हा शब्दांचा खेळ नव्हे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मध्ये प्रतिबंधित शस्त्राची व्याख्याच अशी आहे, की ट्रिगर दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात ते. माझ्या पिस्तुलात एका दाबाला एकच गोळी सुटते. राहिली वर्गवारी. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे पहिल्या वर्गात नमूद आहेत, हे खरे. पण तिथेच तिसऱ्या वर्गाच्या पहिल्या उपवर्गातील शस्त्रे वगळून, असे म्हटलेले आहे, आणि तो उपवर्ग म्हणजे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले. एवढ्या दोन तरतुदी मी एका पानावर लिहून काढल्या, त्याला टिपणीची प्रत जोडली आणि 15 मार्च 2024 रोजी, शुक्रवारी, बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर, देऊन पोच घेतली. दुसऱ्या दिवशी, 16 मार्चला, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि नवे शस्त्र परवाने देणे थांबले. आपल्याकडे 7 मे रोजी मतदान झाले, तरी आचारसंहिता 6 जूनपर्यंत होती. एक शब्द नीट उतरवला गेला असता तर परवाना फेब्रुवारीतच निघाला असता, असे मला आजही वाटते, आणि राग येतो तो या हिशेबाचा.

जूनमध्ये नवी टिपणी लिहिली गेली. या वेळी मी अर्जात “अर्धस्वयंचलित” हा शब्दच ठेवला नाही, “.22 बोअर पिस्तूल, एनपीबी, नेमबाजी क्रीडा प्रकारासाठी” एवढेच लिहिले; एनपीबी म्हणजे प्रतिबंधित नसलेला बोअर. नियमात परवान्यासाठी पिस्तूल हा प्रकार पुरेसा आहे. ही गोष्ट नोव्हेंबरमध्ये कोणी सांगितली असती तर! तुम्ही अर्ज भराल तेव्हा हेच करा, आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही हाच मजकूर द्या, म्हणजे तीन कागदांवर तीन शब्द राहणार नाहीत. परवान्याचे क्षेत्रही अर्जातच मागून घ्या. केवळ जिल्ह्यापुरता परवाना मिळाला तर बालेवाडीला पिस्तूल नेताही येणार नाही. खेळाडूने संपूर्ण भारताचे क्षेत्र कारणासह मागावे. जुलैच्या शेवटी परवाना मिळाला. खिडकीपाशीच उभी राहून मी शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्षेत्र हे तीन रकाने दोनदा वाचले आणि मगच सही केली.

पार्डिनी मी नवे घेतले नाही. पुण्यातल्या एका ज्येष्ठ नेमबाज ताईंकडचे घेतले, त्यांनी नवा नमुना मागवला होता. परवानाधारकाने आपले शस्त्र दुसऱ्याला विकण्याआधी किमान 45 दिवस आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास कळवावे लागते. ते पत्र ताईंनी माझा परवाना निघाला त्याच दिवशी दिले. याच मुदतीत, 1 ऑगस्टला, आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले. घरी सासूबाई तोवर पिस्तूल या शब्दाला दचकत असत. त्या रात्री त्यांनी स्वतःहून विचारले, “तुझं कधी येणार गं?”

वापरलेले पिस्तूल घेताना काय पाहावे ते सांगते. ट्रिगरचे वजन स्पर्धेत किमान 1000 ग्रॅम लागते, म्हणून एक किलोचे वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल सरळ वर उचलावे; वजन उचलले जाऊन घोडा, म्हणजे आतला हॅमर, पडला नाही पाहिजे. मी तीनदा उचलले, एकदा घोडा पडला. ताईंनी तिथेच स्क्रू पाव फेरा आवळला आणि पुन्हा तिन्ही वेळा तो टिकला. पिस्तूल 1400 ग्रॅमपेक्षा जड नसावे, नळी 153 मिलिमीटरपेक्षा लांब नसावी. मुठीवर आधीच्या मालकाने लाकडाची पुट्टी भरलेली असते, ती तुमच्या बोटांना लागत असेल तर घासून काढता येते, पण लाकूडच कोरून कमी केलेले असेल तर ते परत भरताना त्रास होतो. रिकामे पिस्तूल घरी सरावासाठी चालवताना नळीत वापरलेली पुंगळी किंवा प्लास्टिकचे काडतूस ठेवावे, नाहीतर काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन नळीच्या कडेवर आपटून झिजते. आणि किमान दोन जातींची स्टँडर्ड वेगाची काडतुसे प्रत्येकी पन्नास मारून पाहावीत. माझ्या पिस्तुलात एका जातीची पुंगळी पन्नासात चार वेळा अडकली, दुसरीची एकदाही नाही. जास्त वेगाची काडतुसे या पिस्तुलांत मुळीच घालू नयेत.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांची शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा येऊ लागल्या. स्पर्धेत भाग घेणाऱ्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या सदस्य खेळाडूंना यातून सूट असते. संघटनेचे पत्र आणि स्पर्धेची प्रवेशिका मी आधीच तयार ठेवली होती. त्या पत्रात शस्त्राचा प्रकार काय लिहिला आहे, ते मी पाकीट बंद करण्याआधी वाचून पाहिले. “.22 बोअर पिस्तूल” एवढेच होते.