वाड्याच्या मागे न्हाणीघर जोडताना

जुन्या वाड्यात राहायचं म्हटलं की पहिली मागणी असते ती घरातच संडास-न्हाणीघराची. मग कुणीतरी माजघराचा एक खण (दोन खांबांमधली जागा) विटांनी बंद करून वर टाइल्स लावतं. पाणी सांध्यातून झिरपत भिंतीत जातं आणि भिंतीत गाडलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजतात. तुळई खचेपर्यंत ते दिसतही नाही. शक्य असेल तर न्हाणीघर परसात काढावं.

पण भिंतीला चिकटवून नाही. वाडा आणि नवी खोली यांच्यामध्ये अडीच-तीन फुटांची गल्ली सोडा, माणूस शिरून झाडू मारू शकेल एवढी. जुनी भिंत सुकत राहते, जुन्या वळचणीचं पाणी गल्लीतल्या उतरत्या फरशीवर पडून बाहेर जातं आणि नव्या पायाचं खोदकाम जुन्या पायापासून लांब राहतं. तरीही जुन्या पायाच्या तळाखाली खणू नका.

दोन्हींना जोडतो तो दाराच्या रुंदीचा छोटा बोळ. त्यासाठी नवं भगदाड पाडायची गरज नसते. मागची एखादी खिडकी निवडून तिच्या खालचा भराव तेवढा काढायचा, वरच्या लाकडाला हात लावायचा नाही. वाडा बसायचा तेवढा कधीच बसला आहे, नवं बांधकाम अजून बसायचं आहे. म्हणून बोळ आणि जुनी भिंत यांत 25 मिमी फट हवी. गवंडी सळया ठोकून दोन्ही ‘पक्कं’ करू म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा; पुढे तडा तिथेच जातो. फटीवर पत्रा येईल. त्याची वरची कड जुन्या भिंतीच्या सांध्यात इंचभर खोचून चुन्यात बसवायची, खालची बोळाच्या छपरावर मोकळी सोडायची. दोन्ही कडा पक्क्या केल्या तर पत्रा फाटतो.

जुन्या भिंतीची डागडुजी चुन्यातच: 1 भाग चुना, 1 भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी), 2 भाग वाळू, आणि आठवडाभर तरी ओलं गोणपाट. सिमेंटच्या गिलाव्याने ओल अडते, वर चढते, क्षार फुटतात आणि गिलाव्याच्या सालीमागे पातळ विटांचा भुगा होतो.

आतून 5 × 8 फूट पुरतं. शॉवर बाहेरच्या भिंतीला. छपराचा उतार 30 अंशांच्या आसपास, आणि नवं आढं, म्हणजे छपराचा माथा, जुन्या वळचणीच्या खालीच. वळचण धरून छप्पर साधारण 100 चौरस फूट होतं, म्हणजे 150च्या आसपास मंगळुरी कौलं आणि फुटतुटीला आणखी 15. ही कौलं 1865च्या सुमारास बनू लागली, त्याआधीच्या वाड्यांवर ती मुळात नव्हतीच; तेव्हा ‘हुबेहूब जुनं’ करायचा अट्टहास नको. महिरपी आणि सागवानी छापाचे सनमायके तर नकोतच. साध्या भिंतीला चुन्याचा हात पुरे.

संडासाचा 110 मिमी पाइप 40ला 1 उतरता ठेवा: 20 फुटांत 6 इंच. पाइप तपासायचं-साफ करायचं चेंबर गल्लीत नको, मोकळ्या परसात हवं.

हे सगळं आखण्याआधी नकाशा पाहा. शनिवारवाड्यासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत आडवी वाढदेखील बांधकामच धरली जाते आणि तिला बंदी आहे. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. बंदीच्या पट्ट्यात घर असेल तर तळमजल्यावरची जुनी दगडी मोरीच सुधारून घ्यायची, तीही दुरुस्तीची परवानगी काढून.