संत्र्याचा ‘ओडर’

आज पोरीच्या होमवर्कात ‘स्मेल’चे समानार्थी शब्द होते. तिनं लिहिलं, संत्र्याचा ओडर. व्याकरणात चूक नाही, पण ओडर म्हटलं की नाक आपोआप मुरडतं. मोगऱ्याला फ्रॅग्रन्स, कॉफीला अरोमा, सडक्याला स्टेंच. अन् सावजीच्या रश्श्याला? अरोमा फारच सोज्वळ होतो बाप्पा! गल्लीच्या तोंडाशीच ठसका लागतो, त्याला काय अरोमा म्हणायचं? सेंट तर आपल्याकडे बाटलीतच अडकला. इंग्रजीत कुत्रा ज्या वासाच्या मागावर धावतो, तोही सेंटच.

तेवढ्यात पोरगी संत्रं सोलायला बसली. सालीचा फवारा थेट डोळ्यात.

“बाबा, झोंबलं! याला इंग्रजीत काय म्हणतात?”

म्हटलं, आधी डोळे धू.