लीक स्ट्रीट : रंगाआधी भिंत बघा

रविवार, लंडन

वॉटर्लू स्टेशनच्या फलाटांखालून लीक स्ट्रीटचा बोगदा जातो. यॉर्क रोडकडून आत शिरायचं, लोअर मार्शच्या बाजूला बाहेर पडायचं. लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार रेल्वे नोव्हेंबर २००७ मध्ये वॉटर्लूहून सेंट पँक्रस स्टेशनला हलली. त्यानंतर मे २००८ मध्ये ग्राफिटी कलाकार बँक्सीनं इथे स्टेन्सिलवाल्यांना (कापलेल्या साच्यातून रंग मारणाऱ्यांना) बोलावून ‘कॅन्स फेस्टिव्हल’ भरवला. तेव्हापासून या भिंतींवर कुणीही स्प्रेनं ग्राफिटी रंगवावी, परवाना लागत नाही. स्त्रियांचा अपमान नको, वंशद्वेष नको, जाहिरात नको, एवढीच बंधनं, आणि ती योग्यच आहेत. बोगद्याबाहेरच्या भिंतीवर मात्र परवानगीशिवाय तोच स्प्रेचा कॅन चालवला तर १९७१ च्या क्रिमिनल डॅमेज कायद्याखाली गुन्हा होतो.

इथे खरी परीक्षा भिंतीची. जिथे रंगाचा टवका उडालाय तिथे वाकून पाहावं : गुलाबी, काळा, रुपेरी, पिवळा, पुन्हा काळा, चिरोट्यासारखे पदर सुटलेले दिसतात. इतक्या वर्षांचे थर स्वतःच्याच वजनानं सुटू लागतात. अशा पोकळ जागी कितीही चांगलं काम केलं तरी ते पोपड्यासकट खाली येतं. म्हणून जागा ठरवण्याआधी भिंत बोटानं वाजवून बघावी. पोकळ आवाज आला की पट्टीनं सुटे पोपडे खरवडायचे, किंवा सरळ दोन पावलं पुढे सरकायचं. ओल दिसली तर तिथे रंगवूच नये.

मग अस्तर. बाहेरच्या भिंतीचं पाण्यातलं इमल्शन आणि लांब दांड्याचा रोलर घ्यावा. ३ मीटर बाय २ मीटरला दोन हात द्यायचे तर दीड-दोन लिटर लागतं. बोगद्यात हवा गार असते, त्यामुळे तासभर तरी थांबायची तयारी हवी. घाई करून ओल्या अस्तरावर स्प्रे मारला की रंग ओघळतो आणि कडा फाटतात. कुणी नुकताच स्प्रे मारलेल्या जागी लगेच दुसरा जाड हात दिला तर द्रावक खालचा थर मऊ करतो आणि वर सुरकुत्या येतात. अस्तर टाळणाऱ्यांचं काम पाच फुटांवरून ओळखू येतं, मागचं चित्र त्यातून डोकावत राहतं.

४०० मिलिच्या एका कॅनमध्ये साधारण २ चौरस मीटर भरतं. आतली गोळी खुळखुळायला लागली की त्यानंतर २ मिनिटं हलवायचा. कॅप म्हणजे कॅनच्या तोंडावरचं बदलता येणारं बटण. भरण्यासाठी फॅट (रुंद फवाऱ्याची) कॅप, १५-२० सेंमी अंतर. आउटलाइनला स्किनी (बारीक रेघेची) कॅप, अगदी जवळून आणि झपाट्यानं. ओघळ बहुतेक वेळा रेघेच्या टोकाला येतो, कारण हात थांबलेला असतो आणि बोट दाबलेलंच असतं. हात आधी हलवावा, मग दाबावं. थांबण्याआधी बोट सोडावं. हिवाळ्यात कॅनमधला दाब उतरतो आणि रंग थुंकल्यासारखा उडतो. कॅन कोटाच्या आत ठेवून ऊब द्यावी; हीटरवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही नाही, फुटतो. काम संपल्यावर कॅन उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबला की कॅप तुंबत नाही.

धूळ अडवणारा साधा मास्क इथे निरुपयोगी, वाफ आरपार जाते. ए२पी२ फिल्टरचा, म्हणजे वाफ आणि कण दोन्ही अडवणारा रेस्पिरेटरच हवा. छत डोक्यावर असलेल्या जागेत याला पर्याय नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी : स्प्रे पेंट विमानात हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही. रंग लंडनमध्येच घ्यावा, कॅप खिशातून आणल्या तरी चालतात. इथे १६ वर्षांखालच्यांना स्प्रे पेंट विकायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र जवळ ठेवावं.

कुणाच्या कामावर रंगवायचं, याचा शिष्टाचार जुना आहे. टॅगवर (नुसत्या सहीवर) थ्रो-अप (झटपट भरलेली फुगीर अक्षरं) चालतो, थ्रो-अपवर पीस (वेळ देऊन रंगवलेलं पूर्ण काम). चांगल्या पीसवर नुसती सही ओढणं हा उद्धटपणा. झाकायचं तर पूर्ण झाकावं, आणि शेजारी कुणी रंगवत असेल तर कुठपर्यंत येणार हे आधी विचारून घ्यावं. इथलं काम कधी काही तासच टिकतं, म्हणून आपलं झालं की लगेच फोटो काढावा, झाकण्याआधी खालच्याचाही. रिकामे कॅन, रोलर, हातमोजे पिशवीत भरून परत न्यायचे. अर्धवट भरलेला कॅन भिंतीपाशी सोडला तर पुढचा माणूस तो आडव्या हातानं कुणाच्या तरी पीसवर संपवतो.