लिंबाची पानं का मुरडतात?

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसच्या मागे थोडीशी मोकळी जागा आहे, तिथे एक कागदी लिंबाचं झाड. पाऊस लागला की ते नव्या पालवीने भरून येतं आणि त्यातली बरीचशी पानं वेडीवाकडी मुरडतात. यंदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, व्हायरस आलाय, झाड काढून टाक." नर्सरीवाल्याने तर पान न बघताच औषधाची बाटली पुढे केली. या घाईचा मला मनापासून राग येतो. आधी पान हातात घेऊन बघावं ना!

पहिली खूण म्हणजे जुनी, जाड पानं ठणठणीत होती. त्रास फक्त कोवळ्या पालवीला. एक पान उजेडात धरलं, तर त्यावर चकचकीत, वळणावळणाची पांढरट रेघ आणि तिच्या मधोमध काळसर बारीक धागा. तो अळीच्या विष्ठेचा. पानाची कड दुमडलेली होती, ती नखाने उलगडली तर आत इवलासा कोष. म्हणजे नागअळी, पानं पोखरणारी. ती सालीखाली राहून खाते, तेवढ्या भागाची वाढ अडते, बाकीचं पान वाढत राहतं, म्हणून ते मुरडतं. अळी सालीआड असल्यामुळे वरवरच्या फवाऱ्याचा फारसा उपयोगही होत नाही. उलट तिला मारणाऱ्या बारीक परजीवी माशा तेवढ्या मरतात.

अशी रेघ नसेल तर पान उलटं करून बघा. चिकटपणा आणि मुंग्यांची रांग दिसली तर बहुतेक मावा. शेंड्यावर पांढरे मेणचट धागे म्हणजे सिला नावाची रस शोषणारी कीड, आणि तिच्याकडे दुर्लक्ष नको, कारण लिंबाला हळूहळू मारणारा ग्रीनिंग रोग तीच पसरवते. पानं बारीक आणि शिरांमधला भाग पिवळा असेल तर जस्त कमी पडतंय. आणि आमच्या गल्लीत कडेच्या गवतावर तणनाशक मारतात, त्याचा फवारा वाऱ्याने आला तरी पानं अरुंद, पट्टीसारखी होतात. हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मुरडलेली पानं मी तोडत नाही. हिरवी आहेत तोवर ती झाडासाठी अन्न तयार करतातच. पाणसोट, म्हणजे सरळसोट जोमाने वाढणारे फुटवे, मात्र बुडातून काढते आणि युरिया बंद ठेवते, कारण सारखी कोवळी पालवी फुटत राहिली की अळीचंच फावतं. नागअळीच्या जखमेतून खैऱ्या हा जिवाणूंचा रोग शिरतो, म्हणून पिवळ्या कडेचे खरखरीत डाग दिसले की तेवढी पानं लगेच काढून टाकते.

काकूंच्या कुंडीतलं लिंबाचं रोप अजून लहान आहे, त्याला मोजकीच पानं, ती गेली तर रोप खुंटेल. तिथे अळी सालीआड शिरण्याआधी, पालवी नुकती फुटत असतानाच, पावसाची उघडीप बघून संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारायचा असं आमचं ठरलंय.