इटलीतल्या नद्या आणि हवालदार आजोबा

सोलापुरात आमच्या बाळीवेशीतल्या जुन्या वाड्यात, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत, मराठा पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत असत. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली, सहा टोकांचे काशाचे एक पदक होते आणि त्याच्या फितीवर मधोमध हिरवा, दोन्ही बाजूंना पांढरा आणि कडांना तांबडा असे पट्टे होते. हे इटलीच्या झेंड्याचे रंग आहेत, असे त्यांनीच मला सांगितले. लढाई कशी होती, असे विचारले की ते नेहमी एकच वाक्य बोलत: ‘‘नदी वलांडली म्हणलं की म्होरं दुसरी हुबीच.’’ लहानपणी मला ते उत्तर टाळल्यासारखे वाटे. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या मोहिमेविषयी वाचत गेलो, तेव्हा त्या एका वाक्यात त्यांनी सगळे सांगितले होते, हे ध्यानात आले.

युरोपच्या मुक्ततेची हकिगत आपल्याकडे बहुधा 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सुरू होते. प्रत्यक्षात दोस्त राष्ट्रांच्या फौजा 10 जुलै 1943 रोजी सिसिलीत आणि सप्टेंबरात इटलीच्या मुख्य भूमीवर उतरल्या होत्या. रोम मुक्त झाले ते 4 जून 1944 रोजी. त्यानंतर दोनच दिवसांनी जगाचे लक्ष नॉर्मंडीकडे वळले आणि इटलीतल्या सैनिकांच्या वाट्याला कायमचा विसर आला, हा मला अन्याय वाटतो. शिवाय दक्षिण फ्रान्सच्या स्वारीसाठी त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या सात डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांची मोठी दळे, काढून घेण्यात आल्या आणि उरलेल्यांना तितक्याच जर्मन फौजेशी डोंगराळ मुलखात झुंजावे लागले.

इटलीच्या पाठीचा कणा म्हणजे ॲपेनाइन पर्वत, आणि त्यावरून दोन्ही समुद्रांकडे उतरणारी प्रत्येक नदी म्हणजे जर्मन सेनापती केसेलरिंगला आयता मिळालेला खंदक. त्रिन्यो, सांग्रो, गारी, आर्नो, सेनियो अशा नद्या एकामागून एक येत राहिल्या. रोमच्या वाटेवरच्या कॅसिनो गावासमोर जानेवारीपासून मेपर्यंत चार लढाया झाल्या आणि 18 मे 1944 रोजी पोलिश सैनिकांनी तिथला मठ घेतला. दोस्तांच्या या सैन्यात ब्रिटिश, अमेरिकन, कॅनेडियन, न्यूझीलंडचे, फ्रेंच, पुढे ब्राझीलचेही लोक होते, आणि चौथी, आठवी व दहावी या तीन भारतीय डिव्हिजन होत्या. आठव्या डिव्हिजनचे बिरुदच ‘आणखी एक नदी’ असे पडले होते. आमचे हवालदार त्याच डिव्हिजनमध्ये होते.

यांतली शेवटची मोठी झुंज सेनियोवर झाली. सोलापूरच्या माणसाला ती नदी डोळ्यांपुढे आणणे अवघड जाते, कारण आपली सीना उन्हाळ्यात पायी ओलांडता येते आणि काठ म्हणजे पाण्याकडे उतरत जाणारी जमीन, एवढेच आपल्याला ठाऊक असते. सेनियोच्या दोन्ही बाजूंना मात्र दुमजली घराएवढे उंच मातीचे पूरबांध होते. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी भुयारे आणि मशीनगनची ठाणी कोरली होती, उतारावर सुरुंग पेरले होते. 9 एप्रिल 1945 रोजी दुपारपासून बाँबफेक आणि तोफमारा सुरू झाला, मधेमधे तो थांबवून शत्रूला चकवण्यात आले, आणि संध्याकाळी ज्वालाफेकी यंत्रांच्या पाठोपाठ पायदळ पाण्यात उतरले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमज गावचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे संदेशवाहक होते. पलीकडच्या बांधावरची त्यांची छोटी तुकडी जवळजवळ गारद झाली, तेव्हा त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे आणले. मग एकट्याने परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्याच लढाईत त्याच डिव्हिजनमधले पठाण शिपाई अली हैदर यांनाही तो मिळाला.

माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांची कथा मी सावकाशच वाचू शकतो. 10 जुलै 1944 रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या हाताखालचे सगळे जवान पडले. तेव्हा ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, बाँबने ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि दुसरे मॅगझिन भरायला उसंत नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे 22. त्यांची ज्ञात समाधी कुठेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. 2023 मध्ये माँतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघटिका उभारली, हे वाचून मला फार बरे वाटले.

मराठा पलटणींपैकी एक 1944 च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सजवळच्या माँतेगुफोनी वाड्यात पोचली, तेव्हा युद्धापासून वाचवण्यासाठी उफित्सी संग्रहालयातली चित्रे तिथे आणून ठेवलेली होती. बोत्तिचेल्लीचे ‘वसंत’ त्यांतच होते. त्या चित्रांवर पहारा दिला तो मराठा जवानांनी. मुक्ततेच्या इतिहासात हे चित्र मला फार मोलाचे वाटते: ज्यांनी नद्या ओलांडल्या, तेच लोक संगीन लावून परक्या माणसांचा ठेवा राखत उभे आहेत.

आणि तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. 1930 च्या मे महिन्यात याच सोलापुरावर लष्करी कायदा लादला गेला, आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले गेले. हवालदार आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि रस्त्यांवरचा पहारा त्यांनी पाहिला होता. भारताला न विचारता 1939 मध्ये युद्धात ओढले गेले होते, हेही त्यांना पुढे कळले असणारच. अशा माणसाने दुसऱ्यांच्या देशासाठी नदीत उडी घ्यावी, याला कोणी भाडोत्रीपणा म्हणते, तर कोणी राजनिष्ठा. मला दोन्ही शब्द खोटे वाटतात. एकदा धीर करून त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘घरी पगार जायचा म्हणून गेलो. पर तिथली लेकरं रोटी मागत आमच्या मागं पळायची, मग कुणासाठी लढतोय ह्ये विचारायचं ऱ्हाऊनच गेलं.’’

इटलीतली शस्त्रे 2 मे 1945 रोजी खाली ठेवली गेली. हवालदार आजोबा पुढच्या वर्षी सोलापूर स्टेशनावर उतरले. ट्रंक डोक्यावर घेऊन ते बाळीवेशीपर्यंत चालत आले, आणि वाटेत त्यांनी कलेक्टर कचेरीवर अजून तोच इंग्रजांचा झेंडा पाहिला.