मॉस गुलाब: ओळख कळीत, कसोटी छाटणीत

जुन्या जातींच्या गुलाबांत मॉस गुलाब ओळखायचा असेल, तर फुलापेक्षा कळीकडे पाहावे. तिचा देठ आणि हिरवी निदले, म्हणजे पाकळ्यांना बाहेरून झाकणारी पाती, शेवाळासारख्या दाट लवेने झाकलेली असतात. गुलाबाच्या देठावर एरवी विरळ दिसणारे ग्रंथियुक्त केसच येथे बेसुमार वाढलेले असतात. कळी हलकेच चोळली, की बोटांना चिकट राळ लागते आणि तिचा देवदारासारखा सुगंध बराच वेळ रेंगाळतो. माझ्या मते फुलाच्या सुवासाइतकाच तो मोलाचा आहे. रोपवाटिकेत मॉस रोझ मागितल्यावर अनेकदा ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब, हाती ठेवला जातो. त्याचा गुलाबाच्या कुळाशी काहीही संबंध नाही.

हा प्रकार सेंटिफोलिया या दाट पाकळ्यांच्या जुन्या गुलाबाच्या फांदीवर आपोआप झालेल्या बदलातून युरोपात निर्माण झाला. पुढे दमास्क गुलाबातही तसाच बदल घडला, म्हणून आज दोन घराणी दिसतात: सेंटिफोलियाची लव हिरवी व मऊ, तर दमास्कची तपकिरी आणि बोटांना खरखरीत लागणारी. निदलांच्या केवळ कडांना झालर असेल आणि देठ जवळजवळ साधा असेल, तर तो ‘क्रेस्टेड मॉस’ समजावा. काटेकोरपणे पाहिल्यास तो खरा मॉस नव्हे.

एके काळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या आपल्या नाशिकमध्ये हे गुलाब लावताना मुख्य प्रश्न छाटणीचा येतो. आपल्याकडे पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये गुलाब छाटतात आणि नव्या फुटीवर बहर येतो. ‘विल्यम लॉब’ (1855) सारखे वर्षातून एकदाच फुलणारे मॉस मात्र मागील वर्षीच्या फांदीवर कळ्या धरतात, त्यामुळे ऑक्टोबरची खोल छाटणी त्यांचा सारा बहर कापून टाकते. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावरच करावी आणि ऑक्टोबरमध्ये केवळ वाळलेल्या काड्या काढाव्यात. शिवाय या एकबहरी जातींना चांगली थंडी लागते. निफाडकडे पारा बराच उतरतो, तरी आपला हिवाळा युरोपच्या मानाने अल्पच. म्हणून नवख्याने पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या ‘सॅलेट’ (1854) पासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून उंच वाफा करून भरपूर शेणखत घालावे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीरोग, या गुलाबांना लवकर धरते. द्राक्षबागायतदारांच्या घरी असणारे पाण्यात मिसळणारे गंधक येथेही उपयोगी पडते, परंतु कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. मावा लवेत दडून बसतो, त्यामुळे कळ्या जवळून तपासाव्यात. कधी कधी एखादी फांदी मूळ रूपाकडे वळून बिनलवेच्या कळ्या देऊ लागते. अशी फांदी तळापासून काढावी आणि डोळे भरण्यासाठी, म्हणजे दुसऱ्या रोपावर कलम करण्यासाठी, काडी घेताना तिच्यावर दाट लवेच्या कळ्या येत असल्याची खात्री करून घ्यावी.